उस्ता रज्जूकीचं खाली उतरणं

आमच्या मोहल्ल्यात उन्हाळा कधी संपला हे ठरवायचा हक्क बायकांचा. पुरुषांना ती बातमी एखाद्या सकाळी तळपायातून कळायची, गार फरशीऐवजी लोकरीच्या गालिच्यावर पाय पडला की. ऑगस्टचे पहिले दहा दिवस दारातला खिळा जाळतात, दुसरे दहा खजूर पिकवतात आणि तिसरे दहा थंडीचं दार किलकिलं करतात, अशी बगदादची जुनी म्हण आहे. आमच्या गल्लीतली बद्रिया ही म्हण ऑगस्टपासूनच घोकायला लागायची आणि ऑक्टोबर आला की अंमलबजावणीला उतरायची. एकदा तिनं पदर खोचला की घरात कुणाची टाप नव्हती तिला अडवायची.

तंबाखूची पानं घालून गुंडाळून ठेवलेले गालिचे बाहेर निघायचे. अंगणातल्या दोरीवर टाकून ती त्यांना असं झोडपायची की जणू वर्षभराचे सगळे हिशेब त्यांच्याशीच चुकते करायचे आहेत. पिंजारी अंगणात बसून रजयांचा कापूस पिंजायचा आणि दोन दिवस डाळभातातसुद्धा कापूस निघायचा. पाण्याचे मातीचे खुजे धुऊन पालथे पडायचे. छताच्या पंख्याला जुनी उशीची खोळ चढायची. दुपारची झोप तळघरातून उठून दक्षिणेच्या खोलीत यायची, कारण आता सूर्य तिथं वळून येई. रॉकेलच्या हीटरची वात कापली जाई, सलगमाचं लोणचं बरणीत पडे, आणि चहाची वेळ तासभर अलीकडे सरके. घर मुकाट्यानं कूस बदलायचं.

सगळं बदलायचं. बदलायचा नाही तो एकच माणूस, तिचा नवरा उस्ता रज्जूकी. तो छतावरून खाली यायला तयार नसायचा.

एप्रिलपासून अख्खं बगदाद छतावर झोपतं, त्यात नवल काही नाही. संध्याकाळी छतावर पाणी मारायचं, लोखंडी पलंग मांडायचे, मच्छरदाण्या बांधायच्या, कठड्यावर पाण्याचा खुजा ठेवायचा. ऑक्टोबरच्या मध्यावर पहाटे अंगावर शहारा यायला लागला की शहाणी माणसं पलंग भिंतीला उभे करून खाली येतात. पण आमच्या फज्ल मोहल्ल्यात दोन म्हातारे असे होते की ज्यांच्यात अठरा वर्षं पैज चालली होती, आधी कोण उतरतो याची. पैजेवर काही लावलेलं नव्हतं. नाक मात्र दोघांनी लावलं होतं, आणि ती रक्कम काही लहान नव्हे.

एक आपला उस्ता रज्जूकी. तांबटांच्या बाजारात एकेचाळीस वर्षं हातोडा चालवून त्यानं पराती, किटल्या, हंडे घडवले आणि त्या बदल्यात दोन्ही कान देऊन टाकले. दुसरा त्याच्या पाठीमागच्या घरातला शौकत. सव्वीस वर्षं लाल दुमजली बसचा कंडक्टर. खालच्या मजल्यावरून त्यानं "पुढं सरका, पोटं आत घ्या!" म्हटलं की वरच्या मजल्यावरची माणसं श्वास रोखून धरत. दोघांच्या घरांची पाठ एकमेकांना चिकटलेली, छतांच्या मध्ये एक सामाईक भिंत, माणसाच्या डोक्याहून हातभर उंच. भिंतीपलीकडे डोकावायची कुणाची रीत नव्हती. छतावर घरोघरच्या लेकीसुना झोपलेल्या असतात, सभ्य माणूस पलीकडे नजर टाकत नाही. पण भिंतीतली एक वीट फार वर्षांपूर्वी निखळली होती. त्या भोकातून चहाचे पेले जात, सिगारेटी जात, अंजिरं जात, आणि रोज रात्रीच्या नमाजानंतर तासभर गप्पा जात.

अठरा उन्हाळे दोघं असे बोलत आले होते. एकमेकांची तोंडं मात्र त्यांनी अवघी दोनदा पाहिली होती. एकदा शौकतची बायको गेली तेव्हा मशिदीत आणि एकदा त्याचा मुलगा जिया याच्या लग्नाच्या वरातीत, मोठ्या रस्त्यावर. कारण शौकतचं दार दुसऱ्या गल्लीत उघडायचं. भिंतीपलीकडच्या माणसाकडे जायचं तर आपली गल्ली संपवायची, भट्टीवरून हमामखान्याकडे जायचं, मोठा रस्ता धरायचा, सुतारांच्या बाजारातून मागं वळायचं. म्हणीतला गावाला वळसा इथं खरोखर घालावा लागे. लग्नाच्या आहेराची मोठी तांब्याची परात, उस्तानं स्वतःच्या हातानं घडवलेली, तीसुद्धा त्यानं स्टुलावर चढून भिंतीवरूनच दिली होती.

"अबू सब्री! आहेस का गेलास?" रोज संध्याकाळी भोकातून आवाज यायचा. आमच्याकडे माणसाला मुलाच्या नावानं हाक मारतात, अबू सब्री म्हणजे सब्रीचा बाप.

"तुझ्या आधी नाही जाणार," उस्ता ओरडायचा. कानानं गेलेला माणूस ओरडूनच बोलतो. त्यामुळे या दोघांची गुपितं अख्ख्या मोहल्ल्याला पाठ होती.

"गारठा नाही ना लागत तुला? म्हातारा झालास."

"गारठा? मी बनियनवर बसलोय!" उस्ताच्या अंगात तेव्हा दोन स्वेटर आणि वर बायकोची शाल असायची.

"मी तर बनियनसुद्धा काढलं," शौकत म्हणायचा. त्याच्या अंगात काय होतं ते देव जाणे.

गप्पा संपल्या की शौकत आपल्या अंगठीनं भिंतीवर दोन ठोके द्यायचा. ठक, ठक. डबल बेल. बसमध्ये एक बेल म्हणजे थांबा आणि दोन म्हणजे गाडी सोडा, तेव्हा झोपा आता. उस्ताला ते ऐकू यायचे नाहीत, पण तो भिंतीला तळहात लावून बसायचा आणि दोन्ही ठोके त्याच्या हाताला बरोबर कळायचे.

त्या वर्षी ऑक्टोबरच्या दुसऱ्याच आठवड्यात उस्ताची कंबर धरली. पहाटे पलंगावर तो कोयत्यासारखा वाकलेला सापडला. त्याला सरळ करायला बद्रिया आणि दूधवाला अशी दोन माणसं लागली. गरम विटेनं शेकता शेकता बद्रियानं त्याच्या कानाशी तोंड नेलं.

"आजपासून खाली झोपायचं. नाहीतर मी तुम्हाला वरच पुरते, मौलवीला जिना चढायला लावते."

"शौकत उतरला का?"

"शौकत गेला खड्ड्यात! या हट्टापायी जीव द्यायचाय का तुम्हाला?"

उस्तानं कंबरेखालची वीट बाजूला सारली. मग त्याच्या मानानं हळू, म्हणजे फक्त तीन घरांना ऐकू जाईल इतक्याच आवाजात, म्हणाला, "हट्ट नाही गं. मी उतरलो की तो पण उतरणार. मग मार्चपर्यंत माझ्याशी बोलणार कोण? वर्षातले सात महिने मला ऐकू येतं, बद्रिया. पाच महिने येत नाही."

हे खरंच होतं. बद्रियाचा आवाज बारीक, शिळ्या पोळीसारखा मधेच तुटणारा. तिनं आता खाणाखुणांवर भागवायला सुरुवात केली होती. मुलगा सब्री बसऱ्याला नोकरीला, सुट्टीत नातवंडं यायची ती तोंडातल्या तोंडात पुटपुटायची. कॉफीखान्यात तर उस्ता जातच नसे. एकदा कुणीतरी काहीतरी सांगत होतं, सगळ्यांचे चेहरे वेगळेच झाले, तेव्हा विनोद असणार असं समजून उस्ता खो खो हसला. तो माणूस आपल्या भावाच्या मरणाची हकिकत सांगत होता. त्या दिवसापासून उस्तानं कॉफीखान्याकडे पाठ फिरवली. जगात एकच आवाज होता जो त्याच्या कानात पुरता शिरायचा, आणि तो सव्वीस वर्षं बसच्या वरच्या मजल्यापर्यंत पोचण्यासाठी तयार झालेला होता.

"मग थंडीत जा ना त्याच्याकडे," बद्रिया म्हणाली. "पाय आहेत की."

"अठरा वर्षांत एकदा तरी 'ये' म्हणाला का तो? आणि घरात तरुण सून. असं उठून जायचं का कुणाच्या घरी?"

"तुम्ही त्याला 'ये' म्हणालात?"

उस्तानं ऐकूच आलं नाही असं केलं. बहिरेपणाचा तेवढा तरी फायदा असतो.

शेवटी तह झाला. उस्ता झोपणार खाली, पण मोहल्ल्याला कळता कामा नये. कारण समोरच्या उंच घरात उम्म गाजी नावाची विधवा राहायची, आणि तिच्या नजरेतून मांजरसुद्धा सुटत नसे. सकाळी तिला दिसलेली गोष्ट दुपारपर्यंत मागच्या गल्लीत पोचलेली असे. म्हणून पलंगावर एक लांबलचक लोड ठेवायचा, त्यावर रजई, आणि डोक्याच्या जागी उस्ताची विणलेली टोपी. संध्याकाळी वर जायचं, गप्पा मारायच्या, डबल बेल घ्यायची, मग चोरपावलांनी खाली. पहाटेच्या अजानच्या आधी बद्रियानं उठवलं की परत वर येऊन दणदणीत खोकायचं.

"अबू जिया! काय झोप लागली म्हणतोस! एकदाही कूस बदलली नाही!"

लोडाच्या बाबतीत हे अगदी खरं होतं.

"मीसुद्धा!" पलीकडून गर्जना यायची. "आता जानेवारीपर्यंत खाली जायचं नाव नाही!"

तीन आठवडे हे सोंग चाललं. बद्रिया दिवसा खाली घर लावत होती आणि पहाटे नवऱ्याला वर धाडत होती. "बायका नवऱ्याला कामावर पाठवतात, मी खोकायला पाठवते," असं ती पिंजाऱ्याला म्हणाल्याचं सांगतात. उस्ताला मात्र या चोरीत एक वेगळीच मजा येऊ लागली होती. संध्याकाळ आणि पहाट अशा दोन्ही वेळा शौकतचा आवाज मिळत होता, कंबरही शेकून निघत होती. ऑक्टोबर सरला. अख्ख्या मोहल्ल्याच्या छतांवर पलंग भिंतीला उभे राहिले. आडवे फक्त दोन.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका पहाटे बद्रियानं उस्ताला असं हलवलं की त्याला भूकंप झाल्यासारखं वाटलं. तिनं दिवा लावला होता. ती हसत होती की रडत होती हे त्याला कळेना. तिनं त्याच्या कानात ओरडून सांगितलं,

"उठा! वर तुम्ही मेलात!"

"काय?"

"वर पाऊस लागलाय आणि तुम्ही मेलात! शौकत रडतोय!"

झालं होतं असं. अजानच्या थोडं आधी शौकत छतावर आला आणि नेमका पाऊस सुरू झाला. आमच्याकडचा वर्षातला पहिला पाऊस, धुळीच्या वासाचा, मोठाल्या थेंबांचा. त्यानं भोकातून हाक मारली, "अबू सब्री, ऊठ, भिजशील!" उत्तर नाही. बहिरा आहे, म्हणून त्यानं आणखी मोठ्यानं हाक मारली. उत्तर नाही. अठरा वर्षांची रीत मोडून त्यानं भोकाला डोळा लावला. उजाडू लागलेल्या अंधारात त्याला पलंग दिसला. पलंगावर रजईत माणूस, डोक्याला टोपी, अंगावर धो धो पाऊस, आणि माणूस हलत नाही.

उस्ता रजई पांघरूनच जिना चढला. वरच्या दारात तो थबकला. त्याच्या कानात, एकेचाळीस वर्षांच्या हातोड्यांनी बधीर झालेल्या कानात, त्याचं स्वतःचं नाव येत होतं. "अबू सब्रीऽऽ! अरे माझ्या भावा! मला न सांगता गेलास रे! आता मी कुणाशी बोलू?" सव्वीस वर्षांचा कंडक्टरचा आवाज, सगळा पणाला लावलेला, मधेच फाटणारा. आजूबाजूच्या छतांवर माणसं कंदील घेऊन आली होती. उम्म गाजी छत्री धरून उभी होती. ती छाती पिटण्याच्या तयारीत होती, पण तिनं दारातला रजईवाला पाहिला आणि तिचा हात हवेतच राहिला.

उस्ताला काय करावं सुचेना.  त्याला हसूही येत होतं आणि शरमही वाटत होती. तो पावसात भिंतीपाशी गेला, गुडघे टेकले आणि भोकात तोंड घातलं.

"अबू जिया. रडू नको. मी जिवंत आहे."

पलीकडचा आवाज मध्येच तुटला.

"मग पलंगावर कोण मेलंय?"

"लोड आहे."

"लोड?"

"मी खाली झोपतो," उस्ता म्हणाला. मोहल्ला ऐकत होता, पण आता लपवण्यासारखं उरलं होतंच काय. "तीन आठवडे झाले."

पाऊस पडत राहिला.  मग शौकतचा घोगरा आवाज आला. "मी चार."

पहिल्यांदा उम्म गाजी हसली. मग छतांछतांवरून हसणं पसरत गेलं. उस्ता भिंतीला टेकून हसता हसता चिखलात बसला. शौकतही हसत असणार, कारण भोकातून खोकल्याची उबळ ऐकू येत होती. मग बद्रियानं एकाला रजईसकट आत ओढलं, पलीकडे सुनेनं दुसऱ्याला ओढलं असणार, आणि जिन्याची दारं बंद झाली. त्या गडबडीत भिंतीवर दोन ठोके पडायचे राहून गेले.

पुढचे चार दिवस उस्ताला गल्लीतून जाणं मुश्कील झालं. भट्टीवाला कानाशी ओरडून विचारायचा, "उस्ता, भाकरी कुणासाठी? तुमच्यासाठी का लोडासाठी?" दूधवाला म्हणायचा, "लोडाच्या आत्म्याला शांती मिळो." उस्ता सगळं हसून घेत होता. पडलो तरी नाक वर, ही त्याची जन्माची सवय होती. पण खरं सांगायचं तर त्याचं लक्ष कुठंच नव्हतं. तो रोज संध्याकाळी ओव्हरकोट चढवून वर जायचा, भोकाशी बसायचा आणि हाक मारायचा. पलीकडून काही यायचं नाही. तो भिंतीला तळहात लावून बसायचा. भिंत गार असायची आणि गप्प.

पाचव्या संध्याकाळी तो खाली आला तो डोळे चुकवतच.

"रागावला तो," तो बद्रियाला म्हणाला. "सगळ्या मोहल्ल्यासमोर मी त्याला रडवलं. लोडासाठी रडवलं. मी असतो तर मीही रागावलो असतो."

बद्रियानं त्याच्याकडे पाहिलं. तिचं घर तयार झालं होतं. गालिचे अंथरलेले, रजया फुललेल्या, दक्षिणेच्या खिडकीखाली उस्ताची गादी, तिथं दुपारी ऊन बरोबर त्याच्या गुडघ्यांवर पडेल अशी बेतून ठेवलेली. सगळं जिथल्या तिथं होतं. फक्त जागेवर नव्हता तो माणूस. तिच्या लक्षात आलं की आपण दरवर्षी घर थंडीसाठी लावतो आणि या माणसाला तसाच सोडून देतो. गालिच्यालासुद्धा आपण ऊन दाखवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सलगम खजुराच्या काकवीत उकळले, लाल आणि गोड, आमच्याकडचं थंडीचं पहिलं खाणं. पातेलं फडक्यात बांधलं, वर गाठ मारली, उस्ताच्या हातात ठेवलं. मग दाराकडे बोट दाखवलं, हातानं हवेत एक मोठा वळसा काढला, आणि शेवटी आपल्याच मागच्या भिंतीवर थाप मारली.

"बोलावलं नाही त्यानं," उस्ता म्हणाला.

बद्रियानं त्याचा कान धरला, खरोखर धरला, आणि त्यात म्हणाली, "अठरा वर्षांची लग्नाची मुलगी आहात का तुम्ही दोघं, मागणीची वाट बघायला? चला. गार व्हायच्या आत."

उस्ता निघाला. भट्टीवरून, हमामावरून, मोठ्या रस्त्यावरून. ऊन मऊ होतं. तांबटांच्या बाजारात असताना त्यानं असं दिवसाढवळ्या चालणं कधी केलंच नव्हतं, आणि नंतर जाण्यासारखी जागा उरली नव्हती. पातेलं पोटाशी धरून तो सुतारांच्या बाजारातून वळला, चारदा चुकला, आणि एका शाळकरी पोरीनं बोटानं दाखवलेल्या दारासमोर उभा राहिला. त्यानं दार ठोठावलं. मुलीला मागणी घालायला आल्यासारखं त्याला झालं, आणि बद्रियाचं बोलणं आठवून तो मनातल्या मनात तिच्यावर चिडला.

दार शौकतच्या सुनेनं उघडलं. नजात तिचं नाव. तिनं या म्हाताऱ्याला कधीच पाहिलं नव्हतं. एक परका माणूस, हातात फडक्यात बांधलेलं पातेलं.

"कोण हवंय, अम्मू?" परक्या म्हाताऱ्याला काका म्हणावं तसं तिनं विचारलं.

उस्ताला शब्द ऐकू आले नाहीत, पण प्रश्न समजला. "शौकत आहे का घरात?" तो त्याच्या नेहमीच्या आवाजात म्हणाला. गल्लीतली कबुतरं उडाली.

नजातचे डोळे मोठे झाले. तीन वर्षं ती हा आवाज रोज संध्याकाळी भांडी घासता घासता ऐकत आली होती. तिला या माणसाच्या कंबरेचं दुखणं माहीत होतं, त्याच्या नातवंडांची नावं पाठ होती, सब्रीच्या साहेबाचा स्वभावही ठाऊक होता. चेहरा तेवढा पाहायचा राहिला होता.

"छतावरचे अम्मू!" ती किंचाळली आणि मग तिच्या लक्षात आलं. तिनं त्याच्या कानाशी येऊन पुन्हा म्हटलं, "या, या ना! ते रोज वर जायला उठतात, मीच जिन्याला कुलूप लावलंय!"

"रागावलाय का?"

नजातनं गळ्यावर हात ठेवला, तोंड उघडलं, आणि मान हलवली. आवाजच गेलाय. त्या पहाटे ओरडून ओरडून बसला तो बसला, वर पावसात भिजला. डॉक्टर म्हणाले, महिनाभर एक अक्षर बोलायचं नाही. मग कुणास ठाऊक कधी येतो, किती येतो.

उस्ता दारातच उभा राहिला. त्याला एकदम पातेलं जड झालं. जगात त्याला ऐकू येणारा एकच आवाज होता आणि तो त्याच्याच नावानं ओरडून संपला होता. क्षणभर त्याला वाटलं, पातेलं द्यावं आणि परत फिरावं. बहिऱ्यानं मुक्याच्या घरी बसून करायचं काय?

पण आतून शौकत आला. गळ्याला लोकरीचा मफलर, पायात मोजे, डोळे खोल गेलेले. उस्ताच्या आठवणीपेक्षा तो बुटका होता. त्यानं उस्ताला पाहिलं, तोंड उघडलं, आवाज आला नाही, मग त्यानं दोन्ही हातांनी हवेत एक लांबलचक लोड काढला, त्याला टोपी घातली आणि त्याच्या अंगावर पडून रडण्याचं असं काही सोंग केलं की नजातला भिंतीचा आधार घ्यावा लागला. उस्ता इतका हसला की त्याचे डोळे वाहायला लागले. ते नुसतं हसण्यानं वाहत नव्हते.

ते दोघं खिडकीखाली बसले. इथंही गालिचा नुकताच अंथरलेला होता, तंबाखूच्या पानांचा वास अजून गेला नव्हता. नजातनं वाळल्या लिंबाचा काढा सासऱ्याला आणि चहा पाहुण्याला दिला, मध्ये परातीत सलगमाचे वाडगे ठेवले. परात ती भिंतीवरून आलेलीच होती. उस्तानं ती ओळखली, काठावरून बोट फिरवलं, एके ठिकाणी ठोका चुकलेला होता तो त्याला अजून सापडला.

मग तो बोलू लागला. भट्टीवाल्याचे टोमणे सांगितले, उम्म गाजीच्या छत्रीची गोष्ट सांगितली, सब्रीचं पत्र सांगितलं. शौकत हातांनी उत्तरं देत होता, भुवयांनी वाद घालत होता. एकदा त्यानं डोळे वटारून, बोटानं खिडकीबाहेर दाखवून, पोट आत घेऊन असं काही केलं की उस्ताला अख्खी लाल बस गर्दीसकट दिसली. दुपार कुठं गेली ते कळलं नाही. उस्ता विनोदावर वेळेवर हसत होता, कारण समोर चेहरा होता. भिंतीच्या भोकातून चेहरा कधी आलाच नव्हता. इतकी वर्षं आपण आवाजाच्या मागं लागलो होतो, आणि हा माणूस मात्र इतका जवळ बसलेला असू शकला असता, या विचारानं त्याला चुटपुट लागली, पण बरंही वाटलं, फार बरं वाटलं.

ऊन गालिच्याच्या काठावर गेलं. उस्ता गुडघ्यावर हात ठेवून उठला. पाहुण्यानं किती बसायचं याची एक मर्यादा असते, आणि घरात सून आहे. त्यानं गालिच्यालगत काढलेले जोडे घातले. आता हा दोन ठोके देणार, त्याला वाटलं, गाडी सोडा. त्या पहाटे राहून गेलेले तेही हिशेबात धरून. निरोपापुरता त्यानं वाकून परातीच्या काठावर हात टेकला.

शौकतनं चमचा उचलला आणि परातीवर मारला.

तांबं उस्ताच्या बोटांत थरथरलं. त्यानं दुसऱ्या ठोक्याची वाट पाहिली. हात तसाच ठेवून, बराच वेळ. शौकत चमचा हातात धरून त्याच्याकडे बघत बसला होता, बसमध्ये थांबा आल्यावर कंडक्टर बघतो तसा. दुसरा ठोका आला नाही.

उस्ता रज्जूकीनं जोडे पुन्हा काढले.